तेलाचं तूप

थॉर्नशॉच्या टेकडीवर गॅसची पाइपलाइन चढलीच नाही.
आम्ही सगळे रॉकेलवर.
रेशनची रांग नाही, डबा नाही,
टँकर येतो, मागच्या अंगणातल्या हिरव्या टाकीत ओततो
आणि बिल असं देतो
की तो महिनाभर माणूस घरातही कोट घालून बसतो.

विल्फ्रेड ऑग्डनने त्या टँकरला
सतरा वर्षं नुसता हात हलवून पुढे धाडलं.
दर मंगळवारी तो खाली किरियाकोसच्या
मासे-चिप्सच्या दुकानात जायचा,
पिवळे डबे उचलायचा,
डोरीनच्या जुन्या नायलॉन मोज्यांतून गाळायचा,
आठवडाभर निवळू द्यायचा,
मग पळीभर तापवून कान लावायचा.
तडतडलं, तर अजून पाणी आहे.
जन्मात फोडणी न केलेल्या माणसाला
तडतडणं कळतं याचं मला नवल वाटे.

तीन भाग तळणीचं, एक भाग रॉकेल : हे बॉयलरला.
उरलेलं डिझेलच्या जुन्या व्हॅनला.
ती चढावर धापा टाकत आली
की अख्ख्या गल्लीला भूक लागायची.
चकल्यांचं उरलेलं मीही देत असे.
"तुझ्या तेलावर गाडी शिंकते," म्हणायचा.
ओव्याचा गुण, दुसरं काय.

जानेवारीत तो गेला.
अकराव्या दिवशी डोरीनने दार वाजवलं.
अंगात त्याचा स्वेटर, बाहेर उणे नऊ.
"पेटत नाहीये ते."

तळघरात नऊ पिंपं. पहिल्याचं झाकण काढलं,
आत पांढरं, रवाळ,
सुरी घातली तर उभी राहील असं.
तेलही गेलं, तूपही गेलं, असं आम्ही म्हणतो.
इथे तेल गेलं होतं आणि तूप होऊन बसलं होतं.
याला आमच्यात थिजणं म्हणतात,
आणि माणसाला म्हणायचं झालं तरी शब्द तोच,
हे मी तिला सांगितलं नाही.
ती तिसऱ्या पायरीवर उभी होती,
कठड्यावरचा हात होता तिथेच.

माझे वडील बार्शी डेपोत एसटीची इंजिनं उघडायचे.
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटलेले.
म्हणायचे, ड्रायव्हर खोटं बोलतो, हे बोलत नाही.
नोझलला टाचणी लावू नकोस, हेही त्यांचंच :
भोक वाकडं होतं, मग ज्योत आयुष्यभर वाकडी.

गरम पाण्याच्या चार पिशव्या, दोन रजया,
पिंप गुंडाळलं बाळंतिणीसारखं.
तीन तास. मधे दोनदा चहा, दोन्हीदा गार झाला.
गाळणीत बटाट्याचा एक करपलेला तुकडा,
तो डोरीनने उचलला आणि का कोण जाणे
स्वेटरच्या खिशात टाकला.
हवेचा स्क्रू सैल केला. फसफस, बुडबुडे, थुंकी,
मग सलग धार.

बटण.
खोकला.
बटण. काळा धूर, जिन्यापर्यंत.
तिसऱ्यांदा मी मूठ कानामागे टेकवली.
आधी काहीच नाही,
मग खूप खोलवरून, झोपेतल्या कुत्र्यासारखी
एक गुरगुर.

वरचे रेडिएटर एकेक करून टकटकायला लागले.
स्वयंपाकघर, पॅसेज, मग त्याची खोली.
तळणीचा वास जिन्यावरून वर चढला
आणि डोरीनने विचारलं,
"आज शुक्रवार आहे?"
बुधवार होता.
मी म्हटलं, असेल.

पुढच्या मंगळवारी मी किरियाकोसकडे गेले.
काही न बोलता त्याने पिवळे डबे काउंटरखालून सरकवले,
वही उघडली, तारीख घातली,
तेल नेणाऱ्याच्या रकान्यात
सवयीने लिहिलं, ऑग्डन.
पेन क्षणभर तिथेच थांबलं.
मी खाली सही केली.