मैदानात पाणी का साचतं

समितीनं मला आठ पानं दिली.
पंचाहत्तर वर्षांना आठ पानं,
त्यातली मधली दोन रंगीत, देणगीदारांच्या फोटोंना.
'तुम्ही पोस्टात होता, तुमचं अक्षर चांगलं,'
अध्यक्ष म्हणाले,
जणू इतिहास म्हणजे पाकिटावर घालायचा पत्ता.

खानापूरच्या पावसात लाकूड फुगतं.
जनरल रजिस्टरचं कपाट उघडायला
दोन दिवस लागले, आणि बसवंत घाडी लागला,
जो आता शिपाई नाही,
पण किल्ली अजून त्याच्याच कमरेला.
आत वाळवीनं एक्कावन्न साल पूर्ण खाल्लं होतं
आणि बावन्नला तोंडसुद्धा लावलं नव्हतं.

छप्पनच्या हजेरीपटात एक नोव्हेंबरवरून
लांब आडवी रेघ गेलेली: दिवाळीची सुट्टी.
पोरं सुट्टीला गेली मुंबई राज्यातून
आणि चकल्या खाऊन परतली म्हैसूर राज्यात,
त्याच बाकांवर.
उघडल्या दिवशी हजर, एक्केचाळीसपैकी अडतीस.
हेडमास्तरांनी शिक्क्यातलं 'मुंबई' खोडून
वर 'म्हैसूर' लिहिलं, बारीक, नीट,
चुकलेलं शुद्धलेखन सुधारावं तसं.
मला वाटलं, मिळालं. हेच पहिलं वाक्य.

बसवंत म्हणाला, 'पयलं वाक्य ते न्हवं गे.
तू शाळंत हुतीस तवा मैदानात
पाणी साचायचं का न्हाई?'

साचायचं की. गुडघाभर.
गोलपोस्टमागं बेडूक ओरडायचे,
आणि पीटीच्या जोशीलकर बाईंचा एक बूट
त्यात गेला तो गेलाच.

'तितं मातीची खाण हुती. ईराप्पा कुंभाराची.
रावसाबांनी जागा दिली म्हणत्यात.
दिली खरी. कुणाची दिली?'
एवढं बोलून तो किल्लीचा गंज
धोतराला पुसत बसला.

दारातल्या दगडावर 'भूमिदाते' आहे, खाली रावसाहेब.
त्या दगडाला टेकून मी चार वर्षं डबा खाल्ला.

तहसीलदार कचेरीतला उतारा कन्नडात.
सोबत कन्नडच्या नव्या बाई, शिवलीला हुगार.
त्या ओळींवरून बोट नेत होत्या
आणि मी, जिनं साठ वर्षं ही गोल अक्षरं
दुकानांच्या पाट्यांवर न बघता ओलांडली,
जी मोर्च्यात घसा बसेपर्यंत ओरडली,
मी त्यांच्या नखाकडं बघत होते.
नख थांबलं. 'कुंबार,' त्या म्हणाल्या.
'हा तर आमचाच शब्द,' मी.
'नम्दे,' त्या.
कारकुनानं मान वर करून बघितलं
आणि पंचवीस रुपये मागितले.

मग एकोणपन्नासचं रजिस्टर पुन्हा काढलं.
नऊ नंबर. भागव्वा ईराप्पा कुंभार.
वय बारा. जन्मतारीख अंदाजे.
आठवीत दाखल जूनमध्ये, नाव कमी नोव्हेंबरात.
शाळा सोडल्याचे कारण: फी थकली.

मी बराच वेळ ते पान मिटलं नाही.
बाहेर पोरं कबड्डी खेळत होती,
तिच्या बापाच्या मातीत घोटाभर उतरून.

समितीत मी उतारा ठेवला.
'हा कन्नडात आहे,' अध्यक्ष म्हणाले.
'आपल्या शाळेचा इतिहास
आपण त्यांच्या कागदावरनं लिहायचा?'
कुणीतरी चहा मागवला.
भागव्वाचं पुढं काय झालं, कुणी विचारलं नाही.
मलाही ठाऊक नाही. बसवंत म्हणतो लोंढ्याला दिली,
बसवंतची बायको म्हणते दिलीच नाही,
भट्टीवर कौलं थापायची.

आठव्या पानाचं प्रूफ आलंय.
माझ्या पाच ओळी गेल्या.
तिथं कौलांच्या कारखान्याची जाहिरात,
आणि तिच्याखाली थोडी कोरी जागा, दोन बोटं.

पाचशे प्रती शनिवारी येणार.
ठेवणार त्याच खोलीत, कपाटाशेजारी.
किल्ली बसवंतकडं आहे.
माझं अक्षर चांगलं आहे.