फेरफार

नंबर ०४१७. मागच्या पत्र्यावर ठोकलेला,
चार जरा तिरका.
टॉर्किलच्या वहीत त्याचं स्वतंत्र पान आहे,
आपल्याकडे जमिनीला असतो तसा सातबारा:
कोणाकडून कोणाकडे, कुठल्या साली, किती क्रोनरला,
आणि शेवटच्या रकान्यात, तिथे वाजलं काय.

पहिला मालक रिबेचा, चर्चचे ऑर्गन लावणारा.
एकोणसाठ साली कोरा घेतला, पावती आहे.
प्रत्येक व्हॉल्व बदलला त्याची तारीख
आत ट्रान्सफॉर्मरच्या कुशीत, कंजूष अक्षरात.
दुसरा हॉर्सेन्सचा दंतवैद्य.
त्याने बायकोला किंमत निम्मी सांगितली होती.
हेही वहीत आहे, कारण तो गेल्यावर
तिनेच ऑर्लाला सांगितलं, हसत.
तिसरा येस्पर, विद्यार्थी. पुढे कुठे गेला कुणाला ठाऊक.
झाकणावरचं बाटलीचं वर्तुळ त्याचंच,
यावर मंडळींत एकमत आहे.

मग अठ्ठ्याहत्तर ते एकोणनव्वद: काही नाही.
त्यानंतर एस्बियरचं एक बुडालेलं दुकान, मग टॉर्किल.
मधल्या अकरा वर्षांवर तो 'पडीक' लिहितो,
पण पेन्सिलीने.

कारण तळ उघडला की दिसतं:
फ्यूजला चॉकलेटची चांदी गुंडाळलेली,
एक डाग डावखुऱ्या हाताने दिलेला,
स्क्रूंची डोकी खाऱ्या वाऱ्याने खाल्लेली,
आणि आवाजाच्या बटणामागची काळी पट्टी
एकाच जागी झिजलेली, दोनच्या जरा पुढे.
तिथून नऊपर्यंत करकरीत.

इतकं हळू कोण ऐकत होतं?
ऑर्ला म्हणाला, आजारी माणूस असणार.
टॉर्किलची इंगेर म्हणाली, चोरून ऐकणारं कोणी.
टॉर्किल म्हणाला, किनारा. पश्चिमेचा.

दोन हिवाळे त्यात गेले.
लिलावांच्या याद्या, मेलेल्या दुकानदारांच्या चोपड्या,
अनोळखी घरी फोन: माफ करा,
तुमच्याकडे कधीकाळी एक जड, करडा…
लोक ठेवून देत.
टीबोरॉनच्या एका बाईंनी ठेवला नाही.
बोडिल, वय एक्याण्णव.

"होता की. येस्पर माझ्या बहिणीचा मुलगा.
उसने पैसे बुडवून पळाला, हे धूड मागे ठेवून."
काय ऐकायचात?
"हवामान."
आणि?
"आणि काय? आमच्या रेडिओचा घसा बसला होता, म्हणून याला जोडला.
पहाटेचं समुद्राचं हवामान. आमच्या पट्ट्याचं नाव चौथं यायचं.
पोरं झोपलेली, म्हणून हळू.
संपलं की बंद. वीज फुकट होती का?"
फ्यूज?
"तो मीच लावला. स्वेंड बंदरावर खोळंबला असता."
तुम्ही डावखुऱ्या का?
"हे तुम्हाला हो कोणी सांगितलं?"

का विकलात, हे त्याने विचारलंच नव्हतं.
"नाव विकली," ती म्हणाली.
"मग हवामान घेऊन काय करायचं?"

शनिवारी ऑर्ला नवा भाग घेऊन आला, जपानी, महागडा.
"एवढ्या घराण्याचा अँप्लिफायर," तो पुन्हा पुन्हा म्हणे,
"आणि अकरा वर्षं हवामान!"
त्याला ते खरंच लागलं होतं.
टॉर्किलने जुना भाग काढला, नवा बसवला.
दोनच्या पुढची खरखर गेली.
जुना आगपेटीत ठेवून वर लिहिलं ०४१७:
यंत्र ज्याच्या घरी जाईल, ही पेटीही त्याच्या घरी.

मग वही. 'पडीक' खोडलं.
मालक: बोडिल. वहिवाट: रोज सात मिनिटं.
शेवटच्या रकान्यात, फोन ठेवताना तिने
पाढ्यासारखं म्हणून दाखवलं होतं तेवढं:
वायव्य, सहा. लाटा तीन मीटर. दुपारनंतर उतार.

आणि सगळ्यात खाली स्वतःचं नाव, साल,
किंमत.
ती मात्र त्याने निम्मीच लिहिली.
इंगेर कधीकधी ही वही चाळते.