पाझराची वही

धरणाच्या पायथ्याशी एक पत्रा आहे,
त्याला व्हीसारखी खाच.
आतून पाझरलेलं पाणी तिथून पडतं,
बोटभर, कधी दोन बोटं.
दर शुक्रवारी पट्टी धरायची,
मिलिमीटर वहीत मांडायचे,
मग बाटली भरून उजेडासमोर धरायची.
किती येतंय त्यापेक्षा
कसं येतंय ते बघ, टाड, तू म्हणायचास.
नितळ असेल तर धरणाला नुसता घाम आलाय.
गढूळ असेल तर
ते स्वतःलाच खाऊ लागलंय, आतून.

कुम हेलिगचं हे धरण मातीचं.
पोटात चिकणमातीची भिंत,
एकशे चाळीस वर्षांपूर्वी
मजुरांनी बुटांनी तुडवलेली,
वीतभर थर, वर परत वीतभर.
तुझ्या पणजोबाचे पाय त्यात आहेत,
हे तू पाहुण्यांना सांगायचास,
आणि त्याला पेन्शन नव्हती, हेही.
बांधावर गवत, गवतावर मेंढ्या,
त्या गवत आखूड राखतात, म्हणजे ओल लपत नाही.
सशाचं बीळ दिसलं की त्याच दिवशी बुजवायचं.
झाड उगवू द्यायचं नाही. एकही. रोवनचंसुद्धा,
लाल फळं धरली असली तरी.

यंदा प्रॉथरोबाई आल्या तपासणीला,
दहा वर्षांनी कुणीतरी येतं तशा.
सांडव्याच्या भेगेत पेन्सिल घातली,
ती अख्खी आत गेली.
तळाच्या झडपेचं चाक आम्ही दोघींनी ओढलं,
अर्धा फेरा हललं आणि रुसलं.
मग माझ्या स्वयंपाकघरात चहा घेत
त्यांनी तुझ्या वह्या मागितल्या.
तेहतीस वह्या.
पडद्यावर रेघ उमटत गेली,
नोव्हेंबरात चढ, जूनमध्ये उतार,
दातेरी, वेडीवाकडी, जिवंत.
आणि मग एका हिवाळ्यात
तेरा शुक्रवार
सरळ.
बावीस. बावीस. बावीस.
अक्षर तुझंच, वळणदार.

“इतक्या शिस्तीत कुठलंच धरण पाझरत नाही,” त्या म्हणाल्या.
“कुठेतरी पाणी मुरतंय.”

मी बिस्किटांचा डबा उगाच पुढे सरकवला.
मला ठाऊक होतं.
अकरा वर्षांची होते मी.
आई ऑक्टोबरात गेली होती,
आणि तू घराबाहेर पडत नव्हतास.
शुक्रवारी टेबलाशी बसून पेनचं टोपण काढायचास,
खिडकीतून बांध दिसायचा,
बर्फाखाली, गप्प,
तू त्याच्याकडे बघायचास
आणि लिहायचास.
खाली साडेसहा हजार माणसं
तुझ्या त्या बाविसावर डोकं ठेवून झोपत होती.

सांगू की नको, याला चहाचा एक घोट लागला.
सांगितलं.
त्यांनी तुला नावं ठेवली नाहीत.
तेरा ठिपके पुसले.
रेघ तुटली, मध्ये पांढरी जागा राहिली.
“ही बरी,” त्या म्हणाल्या,
“ही निदान मला माहीत नाही म्हणते.”

आता पाणी तीन मीटर उतरवलंय.
काठाला चिखलाचा तपकिरी पट्टा,
बुडालेल्या एका शेताचं कुंपण वर आलंय,
फाटकासकट. फाटक बंद,
कुणीतरी जाताना नीट लावून गेलेलं.
गावात विचारतात, फुटणार का?
मी सांगते, माहीत नाही, मोजतेय.
दुकानातल्या लोवरीला हे उत्तर अजिबात आवडत नाही,
ती सुटे पैसे जरा जोरात ठेवते.

आज शुक्रवार. गारठा आहे, गुडघा बोलतोय.
चोवीस मिलिमीटर.
बाटली उजेडासमोर धरली.
तळाशी काहीतरी, कणभर,
धरणाचा गाळ
की माझ्याच बोटाची माती,
कळेना.
बाटली ओतून दिली, विसळली,
परत खाली वाकले.