काटा ठरेपर्यंत

नोव्हेंबरात पाणी बारा फुटांवर उतरलं
तेव्हा वैजयंता अंबीनं वहीत माझं नाव लिहिलं:
महावीर मगदूम, वय एकोणपन्नास,
पोहता येतं, पण विहिरीत.

माई घाटाच्या खालच्या पायरीवर
अकरा फुटी फळी, हवा भरलेली,
टिचकी मारली तर कलिंगडासारखी वाजते.

पहिले चार आठवडे नुसते गुडघ्यांवर.
'पाण्याशी ओळख होईस्तोवर उभं राहायचं नाही,'
ती म्हणाली, आणि शिट्टी दातांत धरून
घोट्याची दोरी प्रत्येकाची स्वतः ओढून बघितली.
माझी, डॉक्टर आरवाडेबाईंची,
आणि बागवानांच्या सोहेलची, जो शाळा बुडवून येतो
हे त्याच्या शाळेशिवाय सगळ्यांना ठाऊक.

'पाणी मागं ढकलू नका.
वल्हं पाण्यात रोवा, आणि स्वतःला त्याच्यापाशी न्या.'
हे मी घरी जाऊन बायकोला सांगितलं.
ती म्हणाली, फी किती?

साडेसहा ते आठ नदी,
नऊपासून मार्केट यार्डात हळद.
जानेवारीपर्यंत वल्ह्याची मूठ पिवळी पडली.
पुसायला गेलो तर वैजयंता म्हणाली, राहू दे,
तुमचं कुठलं ते कळतं.

सव्वीस वर्षं मी एकच काम करतो:
पोतं काट्यावर येतं, आकडे थरथरतात,
मी थांबतो.
ठरले की लिहितो.

नदीवर काहीच ठरत नाही.
संक्रांतीच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा उभा राहिलो,
पिंढऱ्या शिवणयंत्रासारख्या चालू,
मी ठरण्याची वाट बघत राहिलो
आणि गेलो आत.
वर आलो तर ती वहीत लिहीत होती.
'किती सेकंद?'
'सात. बघता कुठं, पायाकडं?
पाय कुठं जात नाहीत. पुलाकडं बघा.'

पुलाकडं बघतो. आयर्विनच्या खांबावर फुटांचे आकडे.
एकोणीसच्या ऑगस्टात सगळं गाव
त्या आकड्यांकडंच बघत होतं.
चौथ्या दिवशी आमच्या गच्चीला रबरी बोट लागली.
बोटीत एक अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी.
आईला धरायला मी उठलो तशी ओरडली,
'काका, खाली बसा! उभं राहिलात तर सगळे जातील!'
ती हीच का, मी विचारलेलं नाही.
आवाज तोच वाटतो.
आता तो रोज सकाळी म्हणतो, उभे राहा.

फेब्रुवारीत वेग. दोन मिनिटं जोर, एक मिनिट दम, सहा वेळा.
मार्चात वळणं. मागच्या पायावर भार दिला
की फळी घोड्यासारखी फिरते, म्हणे.
माझी म्हशीसारखी फिरते.
मग नऊ दिवस सुट्टी, सांगलवाडीकडं मगर दिसली.
त्यानंतर पाच दिवस वरून मळी आली,
मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागले.
वैजयंता पायरीवर बसून ते मोजत होती.
वहीच्या त्या पानावर सरावाच्या जागी
नुसता एक आकडा आहे.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी चाचणी:
घाट ते बायपासचा पूल, वळसा, परत. दोन फेऱ्या.
सोहेल पहिला, नदी बापाची असल्यासारखा.
आरवाडेबाई दोनदा पडल्या, दोनदा हसल्या.
मी शेवटचा.
दुसऱ्या फेरीत वारा आडवा, फळी डुगडुगत,
आणि मधेच कुठंतरी ध्यानात आलं,
बराच वेळ मी कशाची वाट बघत नाहीये.
रोवतोय, जातोय.
रोवतोय, जातोय.
पुलावरनं एक सायकलवाला वाकून ओरडला,
'काय गावतंय का?'
'बघतोय,' मी म्हणालो.

वहीत लिहिलंय: एक तास चार मिनिटं. पडले नाहीत.
खाली, बारीक अक्षरात: डावा खांदा.

सोमवारी पोतं चढलं, आकडे थरथरले, थांबले.
हमाल शिवलिंग म्हणाला,
'दिवाणजी, ठरला की काटा. लिवा की.'
मी उभा होतो,
पाय थोडे फाकलेले, गुडघे सैल,
फरशीवर.