शेंडा

नागेशनं पुण्याहून पाकीट आणलं, साठ रुपयांचं.
तिथल्या हॉटेलात तो आधी भांडी घासायचा,
आता चिरायला उभा राहतो.
म्हणाला, बेसिल आहे आई, जपून लाव.
मी चिमूटभर वाटीत टाकलं, वर पाणी.
चहा उकळेस्तोवर प्रत्येक काळ्या दाण्यानं
आपापली पांढरी दुलई ओढून घेतली.
अरे, हा तर सब्जा की!
मधल्या मारुतीजवळ दहा रुपयाला पुडी.
लहानपणापासून सरबतात हेच पितोस तू.
तो जरा उतरला. मग त्यालाच हसू आलं.

उरलेलं बी रंगाच्या रिकाम्या डब्यात पेरलं.
बुडाला खिळ्यानं तीन भोकं,
काळ्या मातीत विटेचा चुरा,
नाहीतर आमची माती वाळली की ओठासारखी फुटते.
विडी घरकुलात नळ चौथ्या दिवशी.
पिण्याचं भरून झालं, की तांदळाचं धुवण डब्याला.
चव्वेचाळीस डिग्रीत दुपारभर वर
कारखान्यातला बाद टॉवेल, एका कडेनं उसवलेला.
त्याच्या सावलीत सात रोपं तगली. आठवं चिमणीनं नेलं.

नावांचं मात्र जमेना.
माझी सासू हिला रुद्रजडा म्हणायची,
कनकांबरासोबत वेणीत गुंफायची.
कट्ट्यावरच्या कलावतीबाई म्हणाल्या,
कामकस्तुरी ना गं ही?
कानडीत नावालासुद्धा वास असतो.
समोरची शाळकरी पोर येता-जाता
डब्याला हात लावून कपाळाला नेते.
तुळस नव्हे म्हणून दोनदा सांगितलं.
तिसऱ्यांदा नाही सांगितलं.
आणि महेजबीन म्हणाली, सब्जाच हा,
पण आमच्यात कबरीवर ठेवतात.
खातेस कसं करून?
तेव्हापासून गुरुवारी संध्याकाळी
तिच्या नवऱ्यासाठी चार काड्या मी वेगळ्या ठेवते,
पाण्याच्या तांब्यात.

फुलू देऊ नको, नागेश फोनवर सांगतो,
तुरा दिसला की शेंडा खुड,
एका जागी दोन फुटतात.
बत्तीस वर्षं पानं कातरतेय मी, मला शिकवतो!
दिवसाला हजार विड्या, जर्द्यानं पिवळी पडलेली नखं.
विडीची कात्री मात्र हिला लावली नाही.
आंगठ्याच्या नखानंच खुडलं, पेराच्या जरा वर.
आठवड्यात दोन फुटले.
बरोबर बोलत होता बे.

मग त्यानं चटणी सांगितली:
चिलगोजे घ्यायचे, परदेशी चीज, ऑलिव्हचं तेल.
मी हं हं म्हणत फोन ठेवला
आणि शेंगा भाजायला घेतल्या.
टरफलं फुंकली. लसूण, मीठ, एक हिरवी मिरची.
खलबत्त्यात दाण्याला तेल सुटलं
तेव्हा शेवटी पानं टाकली,
आधी टाकली तर काळवंडतात,
हे मला कुणी सांगितलं नाही, पहिल्या वेळी वाया गेली.
वरून करडईचं कच्चं तेल.
एकदा आमटीतही घातली होती.
त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

महेजबीन काड्या न्यायला आली तेव्हा
ताटात कडक भाकरी होती, कडेला ती हिरवी गोळी.
मी विचारलं नाही, आग्रह तर नाहीच.
ती उंबऱ्यावर टेकली, डोक्यावरचा पदर सारखा केला.
बराच वेळ ताटाकडे बघत राहिली.
मग भाकरीचा कोपरा मोडला,
टोकानं उचलली, जिभेवर ठेवली.
डोळे मिटून म्हणाली,
त्यांना तिखट चालायचं नाही.
आणि पुन्हा कोपरा मोडला.

काड्या ओल्या फडक्यात घेऊन ती गेली.
रात्री सूप मांडीवर घेऊन मी बसले,
शंभराची एक जुडी बांधली,
घाम पुसायला हात तोंडाशी नेला.
जर्दा होताच, जर्दा कुठं जातोय.
पण आंगठ्याच्या नखात
दुसरं काहीतरी होतं, हिरवं,
दुसऱ्या जुडीपर्यंत टिकलं.