सित्रा, ओहोटीच्या वेळी

पाणी ओढणाऱ्या जाळीवरून
खरवडून आणला
नखाएवढा तांबडा गुंता.
काचपट्टीवर थेंबात सोडला तर
केसाकेसाने उलगडत गेला:
मधोमध एक पेशी,
तिला चिकटून चौघी,
वर पुन्हा तसाच मजला,
आणखी वर तसाच.

मूळ नाही याला.
एकेका पेशीचे आकडे, तेवढीच पकड.

पाणी इथलं आमच्या दाभोळपेक्षा कितीतरी खारट,
जुलैत तर हात पोळतो.
ओहोटीला हे काळं पडतं,
दगडाच्या सावलीकडच्या अंगाला
मेल्यासारखं.
आणि लाट आली की
लगेच तांबडं, जणू काही झालंच नाही.

वहीत लिहिलं: वस्ती – जाळीची खालची कड.
‘कुठून आलं’ हा रकाना
माझ्याही अर्जात होता.

बिजू ब्रश घेऊन उभा.
म्हटलं, थांब जरा,
भरती येऊ दे.