हयात

मामलेदार कचेरीच्या फाटकासमोर, जतला,
माझा झेरॉक्सचा गाळा.
भिंतीवर दर लिहिलेत :
एक पान दोन रुपये, अर्ज लिहून वीस,
लॅमिनेशन तीस,
आणि खाली खडूनं, वैतागून :
साहेब कधी येतील ते विचारू नये.

फाटकाला कुलूप नाही.
कुलूप लावायलासुद्धा शिपाई लागतो
आणि शिपाई सांगलीत मांडवात बसलाय,
माझ्या नवऱ्याच्या शेजारी.

अकरावा दिवस.
आत टेबलांवर पंखा फिरतोय,
जाताना बंद करायचा राहिला.
खिडकीतून दिसतं,
एक कागद उडतो, पडतो, परत उडतो.
अख्ख्या तालुक्यात कामावर तेवढाच.

उमदीहून मल्लव्वा आली पहिल्या एसटीनं.
पिशवीत आधार कार्ड, बँकेचं पुस्तक, दोन भाकरी
आणि एक फोटो,
ज्यात ती आताच्यापेक्षा म्हातारी दिसते.
निराधारचे पैसे अडलेत.
बँकेतला पोरगा म्हणाला,
आज्जी, जिवंत आहेस हे लिहून आण.

"हाय की मी," मल्लव्वा म्हणाली.
म्हटलं, अव्वा, मला दिसतंय,
पण माझ्या दिसण्यावर शिक्का नसतो.

मग ती कचेरीच्या पायरीवर जाऊन बसली,
येणाऱ्या-जाणाऱ्याला नीट दिसेल अशी.
येणारं-जाणारं कुणी नव्हतं.

माडग्याळच्या लवट्यांची सारिका,
नर्सिंगला नंबर लागलाय, उद्या शेवटची तारीख.
जातीचा दाखला कुठंवर आला, तिनं
माझ्या संगणकावर सतरा वेळा बघितलं.
सतराव्यांदाही तो त्याच टेबलावर होता.
मी पैसे घेतले नाहीत.
अठराव्यांदा बघू का, असं तिनंही विचारलं नाही.

दुपारी दवाखान्यातून फोन.
बिळूरचा बसगोंडा विहिरीत पडून गेला,
चिरफाडीला माणूस नाही, कधी येईल माहीत नाही,
त्याचा भाऊ विचारत होता, बर्फ कुठं मिळेल.
मी कुल्फीवाल्या नबीलालचा नंबर दिला.
नंतर बराच वेळ
मशीनचं झाकण उघडंच राहिलं,
आणि रिकामी काच
कशाचीच प्रत काढत राहिली.

रात्री नवऱ्याचा फोन. घसा पार बसलेला.
मी भांडणार होते. वाक्यं तयार होती.
पण सोळा वर्षं तो आवक-जावक लिहितोय,
आणि निवृत्तीनंतर महिन्याला काय हातात पडेल
तो आकडा मीच छापून दिला होता, याच मशीनवर.
तो बघून आम्ही दोघं त्या संध्याकाळी
दिवा न लावता बसलो होतो.

म्हणून त्याला मल्लव्वाचं सांगितलं नाही.
बर्फाचंही नाही.
विचारलं, जेवलास का.
तो म्हणाला, धंदा किती झाला?
म्हटलं, चौदा रुपये.
आम्ही हसलो. काय करणार.

चौदाव्या दिवशी संप मिटला.
समिती नेमलीय म्हणे.
शिपायानं पंखा बंद केला,
शाईचा पॅड खडखडीत वाळलेला,
त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं
आणि शिक्का हाणला, पहिला, मल्लव्वाच्या कागदावर.

लॅमिनेशन करताना माझ्या लक्षात आलं,
शिक्क्यातलं तारखेचं चाक कुणी फिरवलंच नव्हतं.
तारीख संपाच्या आदल्या दिवसाची.
म्हणजे मधले चौदा दिवस
या तालुक्यात कुणीच हयात नव्हतं,
निदान कागदावर.
गप्प राहिले. बोलले असते
तर तिला परत पायरी.

गरम कागद तिनं उन्हात धरला.
"वाच की."
वाचलं : सदर महिला आज रोजी समक्ष हजर असून हयात आहे.
"पुढच्या साली परत लागतंय?"
परत लागतंय, अव्वा.

तिनं कागद पोलक्यात सरकवला,
भाकरीची पिशवी उचलली,
आणि एसटी स्टँडच्या दिशेला बघत म्हणाली,
"मग ऱ्हावं लागंल."